अल्पाका की मेरिनो: एका बाहीचा अहवाल

माणसाची किंमत त्याच्या अंगच्या गुणांवरून ठरते. पण गुण कोटाच्या आत असल्याने तपासणी कोटापासूनच सुरू करावी लागते. ही पद्धत मला पूर्णपणे मान्य आहे. (माझ्याकडे कोट होता.)

सन १९५६च्या डिसेंबरात पिंपरीच्या आमच्या कारखान्यात हेडक्लार्कची जागा रिकामी झाली. जागेबरोबर दोन खोल्यांचे क्वार्टर होते. आम्ही पाच माणसे एका खोलीत राहत होतो आणि माझी पत्नी सुमन ट्रंकेवर पोळपाट ठेवून पोळ्या लाटत असे. मला ती जागा हवी होती, अगदी मनापासून हवी होती. मुलाखत सोमवारी होती. मुलाखतीसाठी सासऱ्यांनी दिवाळसणाला दिलेला, एकदाही न घातलेला काळा कोट बाहेर निघाला आणि आदल्या मंगळवारीच मी तो ऑफिसात दाखवायला नेला. नेण्याचे काहीही कारण नव्हते. हौस होती.

"मेरिनो लोकर आहे," मी म्हणालो.

जावक विभागाच्या रंगरावांनी चष्मा कपाळावर चढवला. "सावळाराम, मेरिनोला अशी चकाकी नसते. हा अल्पाका. अल्पाका म्हणजे अल्प पक्का, नावातच आलं! साहेबांनी विचारलं तर काय सांगाल?"

चुकीच्या लोकरीत हेडक्लार्क होणे मला पटेना.

खात्रीची परीक्षा अशी: कोटाचा एक धागा उपसावा, जाळावा आणि वास घ्यावा. शास्त्रात दुसऱ्याच्या नाकावर विसंबून चालत नाही, म्हणून प्रत्येक तज्ज्ञाला स्वतंत्र धागा लागतो. काहींना दोन. शनिवारपर्यंत सत्तावीस मते नोंदली गेली. अल्पाका बारा, मेरिनो अकरा, तटस्थ तीन (सर्दी). उरलेले मत शेजारच्या मंजुळाबाईंचे, त्यांनी दारातूनच विचारले, "सुमन, काय करपलं गं?" यांपैकी अल्पाका हा प्राणी पाहिलेले शून्य, मेरिनो मेंढी पाहिलेले शून्य. एकाने फोटो पाहिला होता, पण तो उंटाचा निघाला.

चाकणकडून रोज सायकलवर येणारा आमचा शिपाई चिमाजी घोंगडी सावरत म्हणाला, "सायेब, ऊब लागतीया का न्हाई, त्ये तरी बघा की." तक्त्यात तसा रकाना नव्हता.

शनिवारी संध्याकाळी रंगरावांनी एका पुस्तकातून शोधून काढले, की लोकर कुठलीही असो, जळताना वास केसांचाच येतो. परंतु सुरू झालेली चाचणी मध्येच थांबवणे शिस्तीला धरून नव्हते. रविवारी आणखी नऊ जण आले. त्यांना मी चहा दिला.

"अहो, कोट अंगात घालायचा असतो," सुमन म्हणाली. तोवर डावी बाही कोपरापर्यंत उसवली होती.

सोमवारी मी तोच कोट घालून गेलो. साहेबांनी कामाचे काही विचारले नाही. ते बाहीकडेच बघत राहिले. मी सोबत नेलेला अहवाल पुढे केला. त्यांनी तो मन लावून वाचला, बाहीचा एक धागा उपसला आणि खिशातून काडेपेटी काढली.

"मेरिनो," ते म्हणाले.

"मला नाही वाटत," शेजारचे साहेब म्हणाले आणि त्यांनीही हात पुढे केला.

जागा दुसऱ्या उमेदवाराला, ज्योतीरामला मिळाली. तो साध्या सुती शर्टात आला होता आणि त्या शर्टाविषयी कोणाचे दुमत नव्हते. त्या संध्याकाळी सुमनने पुन्हा ट्रंकेवरच पोळपाट मांडला. मला फार वाईट वाटले. लाजही वाटली.

वाचकहो, इथवर आल्यावर आपल्या मनात त्या दोन खोल्यांचा, त्या पोळपाटाचा विचार आला असेलच. की आपणही अजून हेच विचारत आहात, की तो कोट शेवटी होता कशाचा?

या. उजवी बाही शिल्लक आहे. काडेपेटी तेवढी आपली आणा.