बेसचा माग

सोलापुरात गुन्हे कमी होतात याचं श्रेय पोलिसांना नसून आपल्याला आहे, असं उदयसिंह रणनवरे यांचं प्रामाणिक मत होतं. आपली नजर घारीची आहे, नाक मुंगीचं आहे आणि बुद्धी पाण्यासारखी आहे, हे ते पहिल्याच भेटीत सांगून टाकत. पाणी म्हटलं की सोलापूरच्या माणसाला चार-पाच दिवसांआड येणारं एवढंच आठवतं, त्यामुळे ऐकणाराही त्याच हिशेबाने समजून घेई. कानांबद्दल तर ते विशेष हळवे होते. टाचणी पडली तर आपण तिची कंपनी सांगतो, असा त्यांचा दावा होता.

नवी पेठेतल्या त्यांच्या झेरॉक्सच्या दुकानावर पाटी होती, 'रणनवरे गुप्तहेर संस्था. येथे कसलाही माग काढून मिळेल.' खाली बारीक अक्षरात 'लॅमिनेशनही' असं होतं. पाटी लागल्यापासून दोन-तीन टॉवेलवाले येऊन गेले होते. त्यांना घरातला जुना माग काढून भंगारात घालायचा होता. उदयसिंहांनी त्या सगळ्यांना हाकलून दिलं, कारण विणायचे माग ही त्यांच्या मते हलकी गोष्ट होती.

संस्थेचे सहायक धर्मपाल सरवदे यांनी अख्खी नोकरी एसटी स्टँडच्या चौकशी खिडकीत काढली होती. निवृत्त झाल्यावर ते एकदा आधार कार्डाची झेरॉक्स काढायला आले आणि बोलता बोलता 'मी चौकशीत होतो' असं म्हणून गेले. उदयसिंहांनी काउंटरवरून वाकून त्यांना मिठीच मारली. हा गैरसमज दूर करावा असं धर्मपालांना बरेचदा वाटलं. पण घरी बसून बायकोच्या चौकशीला तोंड देण्यापेक्षा हे बरं, असा त्यांनी विचार केला. शिवाय संस्थेला स्कूटर लागत होती आणि ती धर्मपालांची होती.

गुरुवारी दुपारी दुकानात गुरुशांत बिराजदार आले. साखर पेठेतलं हार्डवेअरचं दुकान मुलाच्या हवाली करून हे गृहस्थ आता फक्त संगीत ऐकत. खुर्चीत बसल्या बसल्या त्यांनी सांगितलं की मंगळवारपासून त्यांचा बेस गायब आहे.

उदयसिंहांनी पेन उघडलं. "वय काय त्याचं?"

बिराजदारांनी धर्मपालांकडे पाहिलं. मग लहान मुलाला सांगावं तसं त्यांनी समजावून सांगितलं. बेस म्हणजे आवाजाचा तळ, तबल्यातला डग्गा पोटात उतरतो तो. हेडफोन कानांवर बसतात, इअरफोन कानात शिरतात आणि अ‍ॅम्प्लिफायर म्हणजे ज्याच्यावरून घरात भांडण होतं ते. त्यांच्या घरी महिन्याच्या एका रविवारी कर्णप्रिय मंडळ भरतं. मंडळात दोन तट आहेत. मोठे, जाळीचे, हवा खेळती ठेवणारे हेडफोन आणि जुन्या पद्धतीचा व्हॉल्व्हचा अ‍ॅम्प्लिफायर हे बिराजदारांचं सैन्य, तर इअरफोनवाल्यांचा म्होरक्या विरेश. येत्या रविवारी वर्षाची मोठी तुलना होती. आजवर दरवर्षी हेडफोन जिंकले होते, आणि नेमका आत्ता डग्गा नुसता कानाला लागत होता, पोटात उतरतच नव्हता.

"रणनवरेसाहेब, कुणीतरी काहीतरी केलंय," बिराजदार म्हणाले. "चोरच असंल. चोर असला म्हंजे बरं."

हे बोलताना त्यांचा हात पुन्हा पुन्हा डाव्या कानाकडे जात होता. मग हळूच बाकीचं बाहेर आलं. त्यांच्या बायकोने, काशम्मांनी, सोमवारी कानाच्या डॉक्टरांची वेळ घेऊन ठेवली होती. बिराजदारांचे वडील आयुष्यभर मिलमध्ये होते. याच वयात त्यांचे कान गेले आणि पुढे कुणी काही बोललं की ते नुसते हसायचे. बिराजदार ते हसणं विसरले नव्हते. धर्मपालांना एकदम खिडकीपुढचे चेहरे आठवले. गाडी सुटून गेलेली डोळ्यांनी पाहूनसुद्धा 'अजून लागायची हाय न्हवं?' असं विचारणारे. डॉक्टरकडे जायची भीती वाटते म्हणून हा माणूस गुप्तहेराकडे आला होता, आणि धर्मपालांना त्याचं वाईट वाटलं.

तासाभरात संस्था साखर पेठेत पोचली. बिराजदारांनी हेडफोन चढवले, डोळे मिटले आणि ते पुन्हा एकदा बेस शोधायला लागले. उदयसिंहांनी भिंग काढलं. धर्मपालांना टेबलाखाली वायर धरायला बसवलं.

पहिला पुरावा लगेच मिळाला. हेडफोनच्या गादीवर लाल डाग होता. उदयसिंहांनी तो हुंगला, जिभेवर घेतला आणि डोळे बारीक केले. "शेंगाचटणी. चोर शेंगाचटणी खातो, सरवदे. वर्तुळ लहान होत चाललंय."

"व्हय," टेबलाखालून आवाज आला. "आता फक्त सोलापूरच राहिलं."

दुसरा पुरावा अ‍ॅम्प्लिफायरवर होता. पांढरा, वाळलेला थेंब. हे आवाज गोठवणारं रसायन आहे, असं उदयसिंहांनी जाहीर केलं. तेवढ्यात काशम्मा चहा घेऊन आल्या. थंडीत ते यंत्र ऊबदार असतं म्हणून आपण त्याच्यावर विरजण ठेवतो, असं त्यांनी सांगितलं. आवाज गोठत असल्याचं त्यांना माहीत नव्हतं, दही मात्र छान लागे.

काशम्मांचं माहेर अक्कलकोटच्या पलीकडचं, त्यामुळे त्यांच्या मराठीला कन्नडचा हेल होता. कप ठेवून त्या खिडकीशी जरा थांबल्या आणि समाधानाने म्हणाल्या, "मंगळवारपास्नं माग बंद हाय. लई बेस झालं बघा."

उदयसिंहांचा अपमान झाला. "माग बंद? बाई, माग आत्ता कुठे सुरू झालाय."

काशम्मांनी कान दिला. "कुटं? मला तर काय ऐकू येईना."

"माझ्या कामाचा आवाज होत नसतो."

काशम्मांनी त्यांच्याकडे नीट पाहिलं आणि चहात साखर कमी झाली का, असं विचारलं. टेबलाखाली धर्मपालांना वाटलं की गाडी एका फलाटावर आहे आणि प्रवासी दुसऱ्यावर. पण त्यांना तिथून फक्त पाय दिसत होते, आणि विचारल्याशिवाय बोलायचं नाही ही खिडकीतली सवय अजून सुटलेली नव्हती. ते वायर धरून बसले.

दुसऱ्या दिवशी संशयित क्रमांक एक, विरेश. होटगी रोडला त्याचं औषधाचं दुकान होतं. उदयसिंहांनी आधी खोकल्याचं औषध मागितलं, म्हणजे संशय येऊ नये, आणि मग एकदम विचारलं की मंगळवारी तो कुठे होता. विरेश म्हणाला, इथंच. त्याच्या इअरफोनचा बेस काल होता तसा आज होता. कानात घट्ट बसलं की बाहेरचं आत येत नाही, मग काय बिघडणार? उलट त्याचीच एक जुनी तक्रार होती. बिराजदारांचे हेडफोन त्याने आपल्या घरी आणून पाहिले तेव्हा ते कधीच तसे वाजले नाहीत. विचारलं तर बिराजदार म्हणायचे, तुझ्याकडची लाइटच हलकी हाय.

उदयसिंह रस्त्यावर येऊन थांबले. त्यांचा चेहरा उजळला होता. विजेवर लोक आकडा टाकतात, तसा विरेशने बेसवर आकडा टाकला होता. साखर पेठेतला बेस तारेतून होटगी रोडला जात होता. धर्मपालांनी स्कूटर उन्हात लावून बिराजदारांच्या घरापुढचा खांब पाहिला. वर एक फाटका पतंग निघाला. पतंगाचा मांजा नेमका होटगी रोडच्या दिशेला लोंबत होता, हे उदयसिंहांच्या नजरेतून सुटलं नाही.

पण शनिवारी सकाळी, झेरॉक्सच्या मशीनमध्ये अडकलेला कागद ओढता ओढता, त्यांना साक्षात्कार झाला. काशम्मा काय म्हणाल्या होत्या? लई बेस झालं. "सरवदे, हा कबुलीजबाब आहे. बेस तिकडे झाला म्हणजे इकडचा गेला. नवरा दिवसभर कानांवर ते चढवून बसतो, बायकोशी बोलत नाही. हेतू आहे, संधी आहे, विरजण आहे."

आपल्याकडे चांगलं झालं की बेस झालं म्हणतात, एवढं धर्मपालांनी सांगून पाहिलं. गुन्हेगार नेमका अशाच बोलीचा आडोसा घेतात, असं उत्तर मिळालं.

रविवारी मंडळ सतरंजीवर जमलं. विरेश मांडीवर इअरफोनची डबी ठेवून बसला होता आणि त्याच्या चेहऱ्यावर उद्याच्या अध्यक्षाचं तेज होतं. बिराजदारांनी हेडफोन चढवून डोळे मिटले. तबला सुरू झाला असावा, कारण त्यांची बोटं हलली आणि मग थांबली. त्यांनी मान खाली घातली. त्यांना आता स्पर्धेचं काही वाटत नव्हतं, सोमवार तेवढा दिसत होता.

उदयसिंह मधोमध उभे राहिले. बेसचोर बाहेरचा नसून याच घरातला आहे, असं सांगून त्यांनी बोट वर केलं. ते चिवड्याचं ताट घेऊन येणाऱ्या काशम्मांवर स्थिरावलं.

तेवढ्यात भिंत बोलायला लागली. आधी एक घरघर, मग खट, मग खटखट, आणि मग एका लयीत खडाखड. सतरंजी किंचित थरथरली.

बिराजदारांनी डोळे उघडले.

"आला," ते म्हणाले. "बेस आला. डग्गा आला बघा." त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं आणि त्यांनी ते पुसलंही नाही. "कान शाबूत हायत माझे."

उदयसिंहांनी बोट तसंच ठेवून मंडळाला समजावलं की आपण नाव घेताच गुन्हेगाराने माल परत केला. काशम्मांनी ताट खाली ठेवलं.

"अंबादासाची मोटार जळलेली," त्या म्हणाल्या. "वाइंडिंगला दिलेली, ती आली. माग चालू झाला की."

"कोणता माग?" उदयसिंहांनी विचारलं.

"भिंतीपलीकडचा. टॉवेलचा."

विरेश उठून शेजारी अंबादास गड्डमच्या घरी गेला. अंबादासला बुडालेली ऑर्डर भरायची होती म्हणून तो रविवारी राबत होता, आणि कुणाच्या तबल्यासाठी माग थांबवायला तो मुळीच राजी नव्हता. शेवटी शेजारधर्म म्हणून त्याने एकदा बटण बंद केलं. हेडफोनमधला बेस गेला. बटण सुरू केलं, बेस आला. जाळीच्या हेडफोनमधून आजवर हवा नव्हे, अंबादासचा माग आत येत होता. कर्णप्रिय मंडळाच्या आतापर्यंतच्या सगळ्या निकालांत त्याचा हात होता, आणि त्याला बिचाऱ्याला एकदाही चहाला बोलावलेलं नव्हतं.

बिराजदार त्याच घरात जन्मले होते. तो आवाज त्यांनी कधी ऐकलाच नव्हता, ते त्यालाच शांतता समजत आले होते. त्यांनी हेडफोन काढून हातात धरले आणि बायकोकडे बघत राहिले.

"तुला रोज ऐकू येतो व्हय हा?"

"लग्न होऊन आले तवापास्नं," काशम्मा म्हणाल्या. "हे पाच दिवस माहेरी गेल्यागत वाटलं." मग त्यांना डॉक्टरांची आठवण झाली. वेळ घेतलेलीच आहे, ती वाया कशाला घालवायची, असं म्हणून त्यांनी उदयसिंहांकडे हात केला. "या सायबांना न्या. माग बंद हाय म्हणून मी गुरुवारीच सांगितलंय त्यांना."

"काय म्हणाल्या त्या?" खडखडाटात उदयसिंहांनी विचारलं.

"माग सापडला म्हणाल्या," धर्मपालांनी सांगितलं. उदयसिंहांनी नम्रपणे मान लववली.

बिराजदारांचं त्या दोघांकडे लक्ष नव्हतं. इअरफोनला ते इतकी वर्षं मंडळात उघडपणे बूच म्हणत आले होते. आता त्यांनी विरेशपुढे हात पसरला.

"तुझं ते बूच दे जरा."

विरेशने डबी दिली. बिराजदारांनी इअरफोन धोतराच्या सोग्याला पुसले आणि एक एक करून काशम्मांच्या कानांत बसवले, आपले हेडफोन हाताळत तितक्याच जपून. भिंतीपलीकडे माग जोरात चालला होता. काशम्मांच्या कपाळावरची आठी हळूहळू उतरली. त्यांनी खिडकीबाहेर पाहिलं, तिथे काही नव्हतं, तरी त्या पाहत राहिल्या.

"काय लावू?" बिराजदारांनी ओरडून विचारलं. "भजन लावू?"

काशम्मांना ओठांवरून समजलं. त्यांनी मान हलवली.

"काय बी नको," त्या म्हणाल्या. "हेच बेस हाय."

त्या वर्षीच्या तुलनेत इअरफोन पहिले आले, आणि ते मत बिराजदारांनी स्वतः दिलं. वाजत काहीच नव्हतं, याबद्दल मंडळात कुणी आक्षेप घेतला नाही.