हंड्यातलं तंजावर

“थेऊरच्या गणपतीनं आजवर मोदक खाल्ले असतील हजार, पण माझी इडली एकदा चाखली ना, की मोदकाकडं सोंड वळवायचा नाही!”

मंदाकिनीबाईंनी हे भर अंगणात, चार शेजारणींच्या देखत जाहीर केलं. गणपतीनं ते ऐकलं असणार. एरवी पुढचं सगळं इतकं जुळून कसं आलं असतं?

पुण्याच्या कसब्यातल्या त्या आळीत त्यांना मंदाकिनीबाई कुणी म्हणत नसे. ‘तंजावरकरीण’ म्हणत. बाईंचं कुठलंही वाक्य ‘आमच्या तंजावरास’ इथून निघायचं आणि कुणाच्या तरी जेवणाच्या पानावर येऊन थांबायचं. आमटी वाढली की, आमच्या तंजावरास हिच्यात चिंच घालतात. भाजी वाढली की, आमच्या तंजावरास हिच्यावर खोबरं. शेजारचे आप्पासाहेब एकदा म्हणालेही होते, “वहिनी, तंजावरास नुसतं पाणी पितात, की त्यातही चिंच कोळतात?”

पण बाई खोटं बोलत नव्हत्या हो! त्यांचे वडील तंजावरास भोसले राजांच्या पदरी कारकून. घरात मराठी, अंगणात तमिळ, देवळात तेलुगू पदं. आणि मागच्या दाराशी विणकरांची मदिनाबी, जिची दखनी ऐकत मंदाकिनी चालायला शिकली. ईदेला मदिनाबीकडून कोरा शिधा यायचा. शेवया, खारका, साखर. आई त्याची खीर करायची, आणि मोठं पातेलं भरून परत मदिनाबीच्याच घरी धाडायची. मदिनाबी म्हणायची, “शेवया माझ्या, पण हात तुमचा. म्हणून गोड!”

आणि वडिलांना एक खोड. वर्षातून एकदा गाडी जुंपायची आणि सगळं घर घालून समुद्राकडं निघायचं! कुठं ताडगोळे, कुठं गुळाच्या पाकातले फणसाचे गरे. तरंगमबाडीला गोरे टोपीकर पाव भाजत, ते लांबून बघायचं. शिवायचं नाही, पण वास घ्यायला कोण अडवतो? वडील म्हणत, “पोरी, गाव डोळ्यांनी बघितलं तर विसरतं. जिभेनं बघ.” नवव्या वर्षी मंदाकिनीचं लग्न झालं, ती पुण्यास आली. जीभ बरोबर घेऊन आली.

पुण्यास सासूबाईंचं राज्य. सासूबाईंचं नाव लाडूबाई, पण गोडी नावापुरतीच. या घरानं प्रवास करायचा तो तीन कारणांनी: मुंज, मर्तिक आणि तीर्थ. वाटेत खायची ती दुधात भिजवलेली दशमी. पीठ दुधात भिजवलं म्हणजे पाण्याचा विटाळ नाही, खरकटं नाही. वर कोरडी चटणी. गाडीत बसून सगळे ती अशी चावत, जणू शिक्षाच भोगताहेत!

तीस वर्षं मंदाकिनीबाईंनी हे सोसलं. मुलगा वेद शिकायला वाईला गेला, घर रिकामं झालं, तेव्हा त्यांनी ठरवलं. या माघातल्या संकष्टीला थेऊरला जायचं. चंद्र उगवला की तिघांनी उपास सोडायचा तो गरमगरम इडलीवर. वडिलांनी दाखवलं ते या घरालाही एकदा दाखवायचं!

लाडूबाईंनी उलटतपासणी घेतली.

“शिजवून नेणार?”

“नाही सासूबाई, नुसतं वाटून. तांदूळ आणि उडीद.”

“पाण्यात वाटणार ना?”

“पाण्यात, पण कच्चं! शिजलं नाही म्हणजे खरकटं नाही.”

लाडूबाई विचारात पडल्या. शास्त्राला एवढी मोठी फट आहे हे त्यांना साठाव्या वर्षी कळत होतं.

“मग हंड्याचं तोंड कणकेनं लिंपून घे. वर दोरी आवळ. वाटेत छप्पन्न जणांच्या सावल्या पडायच्या!”

रात्रभर मंदाकिनीबाईंनी हंडा चुलीशेजारी गोधडीत गुंडाळून ठेवला. पहाटे बघतात तो पीठ ढिम्म! माघाची थंडी. बाई घाबरल्या. वाटीभर आंबट ताक ओतलं. गुळाचा मोठा खडा घातला. कमी पडायला नको म्हणून उरलेलं पीठही त्यातच रिचवलं. हंडा गळ्यापर्यंत आला. मग कणीक लिंपली आणि दोरी अशी आवळली, की आत कैदी असता तर जन्मात सुटला नसता.

आता यजमानांविषयी सांगायला हवं. यज्ञेश्वरपंत कोतवालाच्या चावडीवर कारकून. सरकारची दारूला सक्त बंदी. ब्राह्मणाकडं सापडली तर किल्ल्यावर रवानगी. महिन्यापूर्वीच पंतांनी साऱ्या चौक्यांना ताकीद धाडली होती: गाडी कुणाचीही असो, सरदाराची असो की शास्त्र्याची, हुंगल्याशिवाय सोडू नये. ‘हुंगल्याशिवाय’ हा शब्द त्यांचा स्वतःचा. त्याचा त्यांना फार अभिमान.

गाडी निघाली. ऊन चढलं. हंडा गवतात ऊबदार बसला होता. हडपसर मागं पडलं आणि कुठूनसा आवाज आला, गुड्... गुड्...

“जयसिंग,” लाडूबाई गाडीवानाला म्हणाल्या, “बैलाचं पोट बिघडलंय.”

“बैलाचं न्हाई, आईसाब. आवाज आतनं येतुया.”

दोघी सासवासुनांनी पंतांकडं पाहिलं.

“माझ्याकडं काय बघता?” पंत कडाडले. “सकाळपासून पोटात पाण्याचा थेंब नाही!”

गुड्... गुडगुड्... फुस्स!

मंदाकिनीबाईंनी हंड्यावर हात ठेवला. हंडा ऊन लागत होता आणि आतून धडका देत होता. त्यांनी हात काढला आणि कुणाला काही न बोलता हंड्यावर पदर पसरला. आगीवर पदर पसरण्याइतकाच त्याचा उपयोग!

मांजरी गावाच्या अलीकडं चौकी लागली. चौकीचे बजरंग नाईक म्हणजे पंतांच्या ताकिदीचे खरे भक्त.

“रामराम पंत! उतरा खाली. हुंगतो.”

“अरे नाईक, मी! ताकीद मीच लिहिली आहे!”

“म्हनूनच की! तुमची गाडी सोडली तर उद्या तुमीच माजी नोकरी घ्याल.”

नाइकानं पडदा सारला, नाक आत घातलं आणि भुवया आक्रसून नाकापाशी आणल्या.

“पंत, आंबूस वास हाय.”

“असेल. बाई माणसं आहेत, ताकबिक असेल.”

“ताक गुरगुरतंय व्हय?” नाइकानं हातातल्या काठीचं टोक दोरीखाली घातलं.

“थांबा!” मंदाकिनीबाई ओरडल्या.

उशीर झाला होता. ठो! झाकण छपराला लागलं, तिथून बैलाच्या शिंगावर, तिथून रस्त्यावर. मागोमाग पांढरं फेसाळ पीठ असं उसळलं, की शेषशायीच्या क्षीरसागराला उधाण यावं! नाइकाच्या मिशा पिकल्या. पंतांचं पागोटं भिजलं. लाडूबाईंच्या सोवळ्याच्या गाठोड्यावर एक मोठा गोळा येऊन बसला आणि तिथं बसूनही बुडबुडे सोडत राहिला.

चौकीवरची माणसं धावली. थेऊरला निघालेली यात्रा थांबली. आणि यात्रेत कोण? आप्पासाहेब!

“अरे वा, यज्ञेश्वरपंत!” ते छत्री टेकत म्हणाले. “दर्शनाला निघालात, की घेऊन निघालात?”

“आप्पासाहेब, हे खाण्याचं आहे!”

“हो ना. पिणारे सगळे तेच सांगतात, आधी थोडं खाल्लं होतं म्हणून.”

नाइकानं मिशीवरचा थेंब बोटावर घेतला, हुंगला, आणि बोट लांब धरलं. “पंत, फसफसतंय, आंबलंय, वर तोंड लिंपून पडद्याआड दडवलंय. आता तुमीच सांगा, तुमची ताकीद काय म्हनती?”

ताकीद काय म्हणते ते पंतांइतकं कुणाला ठाऊक? जिन्नस आणि माणूस, दोन्ही चावडीवर. म्हणजे ज्या चावडीवर पंत रोज गादीवर बसत, तिथंच आज हात बांधून उभं राहायचं! पंतांचा चेहरा पिठासारखा पांढरा झाला. तो पिठानं झाला की भीतीनं, हे सांगणं कठीण होतं.

मंदाकिनीबाईंना वाटलं, या मांजरीच्या मातीत इथंच तोंड लपवावं. तीस वर्षांची फुशारकी, आणि नवऱ्याची अब्रू रस्त्यावर बुडबुडे काढत होती!

“नाईक,” त्या पडद्याआडून म्हणाल्या, “मी करून दाखवते. दारू उकडून तिचं पक्वान्न होत नाही. हे होतं.”

“करा. आमीबी बगतो.”

तीन दगडांची चूल झाली. पातेल्यात पाणी ठेवलं. तोंडावर बांधायला फडकं हवं होतं. पंतांनी मुकाट्यानं नवं उपरणं दिलं. हंड्यात राहिलेलं पीठ त्यावर घातलं, झाकण ठेवलं, आणि भोवती पन्नास माणसं अशी बसली, जणू कीर्तन आता सुरू होणार!

आणि तेव्हा, वाफेकडं बघता बघता, मंदाकिनीबाईंच्या एक गोष्ट ध्यानात आली. आधी यायला हवी होती. त्यांनी तंजावरास इडली खाल्ली होती. पुष्कळ खाल्ली होती! केली मात्र कधीच नव्हती. नवव्या वर्षी लग्न झालेल्या मुलीला चुलीजवळ कोण जाऊ देतं? करणारी आई होती. आई हंडा अर्धा रिकामा ठेवायची, हे आता, या घटकेला, त्यांना लख्ख दिसलं.

झाकण उघडलं. इडल्या कशा? कुणी वर बसून गेल्यासारख्या चपट्या, आणि गुळानं पिवळट.

“आता खाऊन दावा,” नाईक म्हणाला. “पर केलं त्यानं न्हाई. केलेल्यानं खाल्लेलं धरत न्हाईत.”

सगळे पंतांकडं वळले. पंत चाचरले, “आज संकष्टी. माझा उपास...”

“बरोबर आहे,” आप्पासाहेब म्हणाले. “उपासाला ती चालत नाहीच.”

यात्रा हसली. पंतांनी खाल्लं तर भर रस्त्यात, स्नानाविना, साऱ्या यात्रेसमोर उपास मोडला. नाही खाल्लं तर दारू ठरली! पंतांचा हात पुढं झाला, मागं आला, पुन्हा पुढं झाला.

“सरक, यज्ञेश्वरा.”

लाडूबाई गाडीतून उतरल्या होत्या. चाळीस वर्षांत त्यांची एक संकष्टी चुकली नव्हती. तापात नाही, बाळंतपणात नाही. त्यांनी इडली उचलली, डोळे मिटले, आणि खाल्ली. सगळी! चावायला बराच वेळ लागला. मांजरीत त्या वेळात एक कुत्रं तेवढं भुंकलं.

“नाईक, ही दारू नाही,” त्या शेवटी म्हणाल्या. “दारू इतकी वाईट लागत नाही.”

नाईक मान डोलावणार, तेवढ्यात थबकला. “आजी, तुमास्नी काय ठावं, दारू कशी लागती?”

पंतांनी ओलं पागोटं डोळ्यांवर ओढलं.

“यज्ञेश्वराच्या वडिलांना दमा होता,” लाडूबाई शांतपणे म्हणाल्या. “वैद्यानं आसव दिलं होतं. आधी चाखल्याशिवाय मी नवऱ्याला काही देत नसे.”

“किती वर्षं होता हो दमा, काकू?” आप्पासाहेबांनी विचारलं.

“होता बरीच. तुझ्या वडिलांनाही होता की आप्पा! दोघं मिळूनच औषध घ्यायचे. आमच्या माडीवर.”

आप्पासाहेबांनी छत्री उघडली, ऊन फार आहे असं कुणालातरी सांगितलं, आणि चालू पडले.

बजरंग नाईक इतका हसला की मिशीवरचं वाळलेलं पीठ गळून पडलं. “जावा पंत, जावा! गनपती वाट बगत आसंल. आनि त्ये हुंगायचं कलम जरा बगा पुन्यांदा!”

गाडी हलली. पंत उपरण्यावर उमटलेल्या पिवळट चकत्यांकडं बघत होते. मंदाकिनीबाईंचे डोळे वाहत होते. नवऱ्याची अब्रू वाचली होती, पण ती कुणाच्या जिवावर? चाळीस वर्षं सांभाळलेलं व्रत त्यांच्या फुशारकीपायी मांजरीच्या धुळीत पडलं होतं.

“सासूबाई,” त्या कशाबशा म्हणाल्या, “माझ्यामुळं आज तुमची संकष्टी...”

लाडूबाई बाहेर बघत होत्या. तशाच म्हणाल्या, “मोडली ती मोडली. लेकरासाठी मोडली म्हणून देवाला सांगेन. त्यालाही आई आहे, समजेल तो.”

मंदाकिनीबाईंनी त्यांचे पाय धरले.

“पण एक गोष्ट देवाला कशी सांगावी, तेच कळत नाही गं,” लाडूबाई पुढं म्हणाल्या. “चाळीस वर्षांची संकष्टी मोडली, आणि मोडली कशावर? अळणीवर! सूनबाई, मीठ घालायचं राहिलं होतं.”

मंदाकिनीबाईंनी पदर हनुवटीपर्यंत ओढला. थेऊर आलं तरी तो वर झाला नाही. दर्शनाला सगळे पुढं गेले, तेव्हा त्या मात्र खांबाआड उभ्या राहिल्या. देवाची नजर चुकली तर बरी!