भिंगरीच्या चौतीस चांदण्या

आधीच सांगून ठेवते, तो तक्ता काढल्याचा मला जराही पश्चात्ताप नाही. तो अजून फ्रिजवर आहे आणि तिथंच राहील!

मी पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेत काम करते. लोक बाटली उजेडात धरून म्हणतात, "स्वच्छ दिसतंय की!" मी म्हणते, "दिसण्यावर जाऊ नका. नोंद दाखवा." चौदा वर्षांत माझी एकही नोंद चुकलेली नाही. म्हणून माझी साडेतीन वर्षांची लेक डायपर सोडून संडासात बसायला लागली, तेव्हा मी रीतसर तक्ता आखला. (ती एका जागी ठरत नाही, म्हणून सगळे तिला भिंगरी म्हणतात.) डावीकडे वार, वर वेळा. शी झाली की भिंगरीनं स्वतःच्या हातानं एक सोनेरी चांदणी चिकटवायची.

"शीचा तक्ता?" नवरा म्हणाला. "आलेखही काढणार का?"

"महिनाअखेरीस," मी म्हणाले. मी थट्टा करत नव्हते.

पहिल्या आठवड्यात सात चांदण्या. दुसऱ्यात नऊ. तिसऱ्यात बारा! फ्रिज नुसता लखलखत होता.

कुरकुर फक्त सासूबाईंची होती. "अगं, ही पडद्यामागं जाऊन टाचा उंच करून उभी राहते. पाय घट्ट आवळून. तोंड लालबुंद होतं."

"नाचत असेल, आई."

"पडद्यामागं? कुणाला दाखवायला? चार घास खाऊन ताट सरकवते. पोट बघ तिचं, नगारा झालाय."

"आई, तक्ता बघा ना. काल दोन, आज सकाळी एक."

"मी पोर दाखवतेय आणि तू मला कागद दाखवतेस!"

मी वाद घातला नाही. पुरावा माझ्या बाजूनं होता.

चौथ्या आठवड्यात भिंगरीच्या चड्डीला पातळ डाग दिसायला लागले. मी तक्त्याकडे पाहिलं. दिवसाला दोन-दोन चांदण्या, वर हे पातळ. निष्कर्ष उघड होता. जुलाब!

"जुलाबच," नवराही म्हणाला. तो माझ्याशी पहिल्या फटक्यात सहमत झाला, तिथंच मला शंका यायला हवी होती. मी फळं बंद केली, भाज्या बंद केल्या. नुसता मऊ भात सुरू केला.

दोन दिवसांनी भिंगरी सोफ्याचा पाय धरून उभी राहिली ती हलेचना. "पोट! पोट!" म्हणून असा टाहो फोडला की वरच्या मजल्यावरची खिडकी उघडली. आम्ही तिघं तिला उचलून दवाखान्यात निघालो. तरी निघताना तक्ता गुंडाळून बरोबर घेतला. डॉक्टरीणबाईंना माहिती लागतेच.

त्यांनी भिंगरीचं पोट हलक्या हातानं दाबून पाहिलं. "किती दिवस शी झालेली नाही?"

"नाही कशी? चौतीस वेळा झालीय!" मी तक्ता टेबलावर पसरला.

"वा, देखणा आहे. चांदण्या कोण लावतं?"

"तीच."

"आणि शी कोण बघतं?"

मी नवऱ्याकडे पाहिलं. नवऱ्यानं सासूबाईंकडे पाहिलं. सासूबाईंनी छताकडे पाहिलं.

"मी... फ्लशचा आवाज ऐकते," मी म्हणाले. चौदा वर्षांत इतकं अशास्त्रीय वाक्य माझ्या तोंडून निघालं नव्हतं.

डॉक्टरीणबाई भिंगरीकडे वळल्या. "संडासात गेल्यावर काय करायचं गं?"

"फ्लश दाबायचा. मग चांदणी."

"आणि शी?"

"ती दुखते," भिंगरी हळूच म्हणाली. "ती मी देत नाही."

मग सगळं उलगडलं. कधीतरी एकदा खडा झाला, दुखलं, आणि पोरगी घाबरून शी रोखून धरायला लागली. जितकी रोखली तितकी ती घट्ट होत गेली. टाचांवर उभं राहणं म्हणजे नाच नव्हता, रोखून धरणं होतं. चड्डीतलं पातळ म्हणजे जुलाब नव्हते, अडलेल्या खड्याच्या कडेनं झिरपत होतं. सासूबाईंनी फक्त पर्सचं बटण तीनदा उघडून तीनदा लावलं. टक, टक, टक! तेवढं पुरलं.

"शी मऊ करणारं औषध देते," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "रोज द्यायचं. बरं वाटलं म्हणून मनानं बंद करायचं नाही. फळं, भाज्या आणि पाणी भरपूर. जेवणानंतर पाच-दहा मिनिटं बसवा, पायाखाली छोटं स्टूल ठेवा. रागवायचं नाही. आणि चांदणी बसल्याबद्दल द्या, झाल्याबद्दल नको."

"तक्ता मात्र चुकीचा नव्हता," दारातून मी वळून म्हणाले. "त्यानं फ्लश अचूक मोजले."

"चल आता," नवरा म्हणाला.

घरी नवा नियम झाला. बसलं की चांदणी, पण मोठ्या माणसानं आत बघितल्याशिवाय फ्लश दाबायचा नाही. चौथ्या दिवशी आतून आरोळी आली, "या! सगळे या! दुखलं नाही!" आम्ही तिघं दाटीवाटीनं आत शिरलो. सासूबाईंनी टाळ्या वाजवल्या. माझे डोळे पाणावले, ते मी चष्मा पुसून निस्तरलं. औषध अजून चालू आहे. पडद्यामागं आता कुणी नसतं.

परवा सुट्टीच्या दिवशी आमच्या प्रयोगशाळेचे साहेब अहवालांवर सह्या घ्यायला घरी आले. मी नेमकी संडासात होते. दारावर धपाधप थापा पडल्या.

"आई! फ्लश दाबू नकोस! आधी बघायचं असतं!"

बाहेर कपबश्यांचा आवाज थांबला. मी मान ताठ ठेवून फ्लश दाबला, हात धुतले, बाहेर आले आणि सह्या करायला बसले. भिंगरीनं माझ्या मनगटावर एक सोनेरी चांदणी चिकटवली.

"हे कशाबद्दल?" साहेबांनी कौतुकानं विचारलं.

"नुसतं बसल्याबद्दल," भिंगरी म्हणाली. "शी कुणी बघितलीच नाही."

"नोंद बरोबर आहे," मी म्हणाले आणि पुढच्या पानावर सही केली.