एका पायाचा नवस

"सगुणे, नवस बोलताना जीभ आखडती घ्यायची. फेडताना मंग काहीच आखडायचं न्हाई."

हे आमच्या सासूबाईंचं, आसराबाईंचं वाक्य. त्यांना जाऊन अकरा वर्षं झाली, पण देवासमोर हात जोडले की ते अजून माझ्या उजव्या कानात ऐकू येतं. उजव्या, कारण त्या नेहमी उजवीकडे बसायच्या आणि कोपरानं ढोसून सांगायच्या.

मी त्यांचं सगळं ऐकलं. सोमवार, एकादशी, चतुर्थी तर आहेतच. मंगळवारी मीठ नाही, आणि रोज दुपारी बारा ते एक तोंडातून शब्द नाही, हातात फक्त माळ. हे मौन त्यांनीच मला लग्नानंतर दुसऱ्या महिन्यात दिलं. त्यात त्यांचीही काही सोय होती का, हा विचार मला फार उशिरा सुचला. असो. सांगायचं म्हणजे, तीस वर्षांत माझं एकही व्रत मोडलं नव्हतं. म्हणून तर एका पायावर उभं राहायचा नवस मला अगदीच किरकोळ वाटला.

झालं असं, की आमच्या ह्यांना, म्हणजे काकासाहेबांना, पस्तीस वर्षांची तंबाखूची सवय. बियाण्याच्या प्लांटवर वजनकाट्याशी नोकरी केली. रिटायर झाले, काटा सुटला, तंबाखू सुटली नाही. त्या दिवाळीत गालाच्या आत पांढरा चट्टा दिसला. डॉक्टर म्हणाले, "तंबाखू सोडा. न्हाई सोडली तर पुढचं मला विचारू नका."

मी राजूरच्या गणपतीला गेले. रांगेत माझ्यापुढची बाई अकरा किलो पेढे बोलली, तिच्या पुढचीनं पितळी घंटा बोलली. माझी पाळी आली तेव्हा मागून ढकलाढकली चालली होती, काही सुचेना. माझ्याजवळ द्यायला होतं काय? दोन पाय. मी म्हटलं, "देवा, ह्यांची तंबाखू सुटू दे. येत्या अंगारकीला आरतीभर तुझ्यासमोर एका पायावर उभी राहीन."

उजव्या कानात सासूबाई काहीतरी म्हणाल्या. पण तोवर बोलून झालं होतं.

आणि संक्रांतीला ह्यांची तंबाखू सुटली. माझ्यादेखत पुडी नालीत टाकली. त्यानंतर घरात जे जे चावता येईल ते ते चावायला लागले. बडीशेप, खोबरं, भाजलेले चिंचोके. माणूस आहे का बैल, असं वाटायचं. पण देवानं आपलं काम बराबर केलं होतं. आता पाळी माझ्या पायाची.

अंगारकी एप्रिलच्या अखेरीला होती. मार्चात मी सहज म्हणून स्वयंपाकघरात एक पाय उचलून पाहिला. अकरा आकडे मोजले आणि पिठाच्या डब्यावर जाऊन पडले. दुसऱ्या दिवशी नऊ. म्हणजे सरावानं कमी होत होतं.

"काय पडलं?" हे बाहेरून.

"काही न्हाई, डबा."

"डबा रोज कसा पडून राह्यला?"

मग मी नवसाचं सांगितलं. ह्यांनी हातातले चिंचोके परत डब्यात टाकले. नवस आपल्यापायी आहे म्हटल्यावर माणूस हलतोच, असं मला वाटलं. शेवटी एवढंच म्हणाले, "पेढे बोलायला काय झाल्तं तुला?"

उपाय सापडला तो शेजारच्या कांताबाईंकडे. त्यांचा भाचा वसंता पुण्याहून योग शिकून आल्ता.

"एका पायावरचंच शिकवतो बघा," कांताबाई म्हणाल्या. "पण खोली गरम पाहिजे म्हणतो."

"गरम कशाला?"

"गरमीनं अंग लवतं म्हणे. पुण्यात हीटर लावून करतेत. हॉट योगा."

जालन्यात, एप्रिलमध्ये, हीटर. मी कांताबाईंकडे पाहिलं. त्याही माझ्याकडेच पाहत होत्या.

वसंताचा क्लास एमआयडीसीच्या रस्त्यावर होता, एका बियाण्याच्या कंपनीच्या पत्र्याच्या गोडाऊनमध्ये. अर्ध्या भागात पोती, अर्ध्या भागात आम्ही सहा बायका. सकाळी सहाला दोन हीटर लावून सुरुवात झाली. पण सहालाच लोडशेडिंग. वसंतानं भिंतीला कोंबड्यांच्या शेडमधला तापमापक लटकवला होता. त्याच्याकडे बघून तो हळहळायचा. "तीसच दाखवतो, काकू. चाळीस पाहिजे होतं."

तिसऱ्या दिवशी त्याला युक्ती सुचली. क्लास दुपारी बारा ते एक. हीटर नको, लाईट नको. सगळं काम पत्रा करील.

म्हणजे अख्खं जालना कूलरसमोर आडवं पडलेलं, आणि आम्ही दारं लावून, पदर खोचून, भट्टीत भाजायला ठेवलेल्या वांग्यासारख्या उभ्या. घाम भुवईवरून डोळ्यात. पुसायला हात उचलला की तोल जाणार. वसंता ओरडत असायचा, "नजर एका जागी रोवा. झाड व्हा, झाड."

माझ्यासमोर औषध लावलेल्या सरकीची पोती होती. पोत्यावर कवटी आणि खाली "विष". मी महिनाभर त्या कवटीत नजर रोवून झाड होत होते. गणपतीची मूर्ती डोळ्यांपुढे आणायचा प्रयत्न करायची, पण कवटी फार ठसठशीत होती.

झाड जमायला लागलं तेव्हा वसंतानं पुढचं काढलं. एका पायावर उभं राहून दुसरा पाय दोन्ही हातांत धरायचा आणि समोर सरळ करायचा. "कपाळ गुडघ्याला लावा," तो म्हणाला.

"कुणाच्या?" कांताबाईंनी विचारलं.

कांताबाईंचं तोंड सारखं चालायचं. माझं मात्र बारा ते एक मौन, हे मी वसंताला आधीच सांगितलं होतं. हातात माळ घेऊनच उभी राहायची. त्याला ते इतकं आवडलं, की एके दिवशी, अंगारकी तीन दिवसांवर आली असताना, त्यानं सगळ्यांना सांगितलं, "आज सगुणाकाकूंसारखं पूर्ण मौन. मीबी बोलणार न्हाई. खुणेनं करायचं." हे कांताबाईंसाठी होतं. पण त्याचं मूळ माझं व्रत, हे मी कबूल करते.

इथं ह्यांचं सांगायला पाहिजे. रोज दुपारी हे मला स्कूटरवर सोडायला यायचे आणि तास संपेपर्यंत बाहेर लिंबाखाली बसायचे, गोडाऊनच्या वॉचमनशी, कचरूशी बोलत. "उन्हातान्हाची एकटी कुठं जाती? मी येतो ना." तीस वर्षांत हे मला कधी भाजीबाजारापर्यंत सोडायला आले नव्हते. तंबाखू गेली आणि माया आली, असं मी देवासमोर रडून सांगितलं होतं.

कचरूला कंपनीचा हुकूम होता, आत कुणी नसलं की दाराला कुलूप. आत कुणी आहे का, हे तो वसंताच्या ओरडण्यावरून ओळखायचा. त्या दिवशी त्यानं दाराला कान लावला. आत सहा बायका आणि एक मास्तर एका पायावर, आवाज काही नाही. कचरू समजला, क्लास आज लवकर सुटला. हे तेव्हा कोपऱ्यावरच्या टपरीवर गेले होते; त्यानं कुलूप लावलं, लिंबाखाली जाऊन बसला आणि हे परतल्यावर सांगायचं विसरला.

आम्हाला हे कळलं, कारण वसंता दार उघडून जरा हवा घ्यायला गेला आणि दार उघडेना.

तापमापक सेहेचाळीसवर होता. महिनाभर चाळीससाठी हळहळणारा वसंता तो बघून मटकन खाली बसला. "मावशी, मला कसंतरी होऊन राह्यलं," म्हणाला. मौन तिथंच सुटलं, माझं सोडून. बायकांनी पत्रा बडवला. पण शेजारी रोलिंग मिल. दिवसभर तिथं लोखंडावर लोखंड आपटतं, आमच्या पत्र्याला कोण विचारतो.

पोत्यांच्या थप्पीच्या वर, छताजवळ जाळीचा झरोका होता. कुणीतरी चढून हाक मारायला पाहिजे होती. उपासांनी सगळ्यात हलकी मीच होते.

"चढा, सगुणाबाई," कांताबाई म्हणाल्या. "अन् जोरात हाक मारा."

मी माळ दाखवली. मग वसंताच्या मनगटावरच्या घड्याळाकडे बोट केलं. एक वाजायला बारा मिनिटं होती.

"बारा मिनिटांत आपण शिजून निघू, बाई. देवाला समजतं."

मी चढले. खालच्या बायकांनी ढकललं, वरच्या पोत्यावर डावा पाय टेकला. उजव्याला जागाच नव्हती, म्हणून सवयीनं तो मांडीवर टेकवला. आणि जाळीतून बाहेर पाहिलं.

रस्त्यापलीकडे लिंबाखाली कचरू दिसला. मला इतका आनंद झाला, की मी जाळीतून बोटं हलवली. त्याच्या शेजारी आमचे हे होते. डावा तळवा पुढे धरला होता. उजव्या अंगठ्यानं त्यावर काहीतरी हळूहळू, अगदी प्रेमानं रगडत होते. मग तळव्यावर दोन थापा मारल्या. धूळ उडाली. निम्मं कचरूला दिलं, निम्मं खालच्या ओठात ठेवलं आणि डोळे मिटले. देवासमोर कधी इतके मन लावून डोळे मिटलेले मी पाहिले नव्हते.

मी हलले नाही. कवटीची गरज पडली नाही, आपोआप नजर रोवली गेली.

"काय दिसलं?" खालून कांताबाई. "बाई, काय दिसलं? कुणी हाय का?"

मी उभीच.

"बघा, किती स्थिर," खालून वसंता क्षीण आवाजात म्हणाला. "खांदे सैल ठेवा, काकू."

कांताबाईंना सवयीनं आकडे मोजायचा नाद. नंतर त्यांनी सांगितलं, मी चारशे दहा आकड्यांपर्यंत एका पायावर होते. आरती झाली असती, वर कापूर विझला असता. महिनाभर कवटीपुढं झाड होऊन जे जमलं नाही, ते तंबाखूच्या एका चिमटीनं करून दाखवलं.

मग माझं मौन सुटलं. एक वाजायला तेव्हा पाच मिनिटं बाकी होती. मी आयुष्यात कधी मोठ्यानं बोलले नाही. आमच्याकडे मांजरसुद्धा माझ्या आवाजाला उठत नाही. पण तेव्हा जो आवाज निघाला, तो कुठून आला मला माहीत नाही.

"अहो!"

कचरू म्हणतो, त्याला काही ऐकू आलं नाही, मिलचा आवाज होता. ह्यांना आलं. तीस वर्षांत ह्यांचा कान त्या एकाच शब्दाला तयार झालाय. ताडकन उभे राहिले, वर पाहिलं, जाळीत माझा चेहरा पाहिला, आणि तोंडातलं सगळं गिळून टाकलं.

कुलूप उघडलं तेव्हा आम्ही बाहेर पडून लिंबाखाली आडव्या झालो, आणि आमच्या शेजारी हेही आडवे झाले. वसंता सगळ्यांना पाणी वाटत होता. ह्यांना उचकी लागली होती. ती दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत गेली नाही.

घरी येताना स्कूटरवर आवाज एकच. फक्त उचकी. दारात आल्यावर मी विचारलं, "संक्रांतीपासून कधी धरली परत?"

"सोडल्ती मी," हे म्हणाले. "चार दिवस." उचकी. "खरं म्हणजे तीन."

संध्याकाळी कांताबाई आल्या. त्या न्यायाच्या बाबतीत फार स्पष्ट. "मंग आता नवस कशाचा? देवानं माल दिला न्हाई, तुम्ही कशाला देता? उलट तुमचं मौन गेलं ते वेगळंच."

मला पटलं. खरं सांगायचं तर मी थकले होते. पोटऱ्या दुखत होत्या, घसा दुखत होता, तीस वर्षांचं मौन गेल्याचं तर कुणाला सांगायचीही सोय नव्हती. मी देवघरात बसून म्हटलं, "देवा, तुझंही जमलं न्हाई, माझंही न्हाई. आपण दोघं बरोबरीत." उजवीकडून कोपर लागल्यासारखं वाटलं. मी सरकून बसले.

अंगारकीच्या आदल्या दिवशी मी भांडी घासत होते, तर हे मागे येऊन उभे राहिले.

"ते झाडाचं कसं करतेत?"

"कशाला?"

"सहज."

मी भांडं ठेवलं. हात न पुसताच दाखवलं. ह्यांनी एक पाय उचलला, चार आकड्यांत भिंत धरली. परत उचलला, पाच आकड्यांत माझा खांदा धरला.

"नजर कुठं ठेवायची?"

"समोर. एका जागी."

हे माझ्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "खोटं मी बोललो. पाय तुझा कशाला जायचा त्याच्यात?" आणि अंगणात जाऊन बसले. त्या संध्याकाळी चिंचोके नाहीत, खोबरं नाही. माझा मात्र विश्वास बसला नाही. एकदा देवाच्या भरवशावर राहून फसले होते.

पहाटे चारला मला जाग आली, पण मी डोळे मिटूनच पडले. हे उठले. अंधारात काहीतरी चाचपडलं, देवघरात ठेवलं. चपला काढून दाराशी नीट जोडून ठेवल्याचा आवाज आला. मग कडी. इतकी हळू काढली, की आमच्या घरात कडी इतकी हळू निघते हे मला पहिल्यांदाच कळलं. राजूर जालन्याहून चांगलं पंचवीस किलोमीटर. अनवाणी. आणि पुढे एक पाय, ज्याची मजल पाच आकड्यांची.

मी उठले. देवापुढे तंबाखूची पुडी आणि चुन्याची डबी ठेवलेली होती. मी पुडी उघडून पाहिली नाही, नमस्कार केला.

खरं सांगते, पाहिली. रिकामी होती. आता ती आदल्या दिवशी टाकून दिली, की पहाटे शेवटची चिमूट घेऊन रिकामी केली, हे देवालाच माहीत. आज मंगळवार, मला भांडणही अळणीच करावं लागलं असतं.

मी ह्यांच्या चपला पिशवीत टाकल्या, माळ घेतली, आणि कडी तितक्याच हळू लावून वीस पावलं मागं ठेवून निघाले. सहाव्या आकड्याला धरायला ह्यांना खांदा लागणारच होता.