परबांचा पावशा

आमच्या मुलुंडच्या चाळीतले दत्ताराम परब वाण्याकडे साखरसुद्धा कुजबुजत मागायचे. दिवस रेशनिंगचे. अशा वेळी कुणी दुकानात वाकून, आजूबाजूला बघत, नुसत्या श्वासाने "साखर आहे का?" असं विचारलं, तर वाण्याने काय समजायचं? पहिल्या खेपेला वाणी साऱ्या दुकानाला ऐकू जाईल अशा बेताने म्हणाला, "परबसाहेब, आपल्याकडे तसला माल मिळत नाही." दुसऱ्या खेपेला मात्र त्याने गिऱ्हाइकं पांगू दिली आणि परबांना मागच्या खोलीत बोलावलं. परब आत गेले, पिशवीतून रेशनकार्ड काढलं आणि पुढे धरलं. त्यानंतर वाणी बरेच दिवस त्यांच्याशी बोलत नव्हता.

मुलुंडच्याच एका कारखान्यात परब स्टोअरमध्ये होते आणि मी हजेरीच्या खिडकीवर. साहेबाकडे रजा मागायला गेले की ते इतक्या खालच्या आवाजात बोलत, की साहेबाला वाटे यांच्या घरात काहीतरी वाईट घडलंय. तो उठून त्यांच्या खांद्यावर हात ठेवी आणि रजा मंजूर करी. मी खणखणीत आवाजात मागितलेली रजा मात्र नेहमी नामंजूर. माझा आवाज मोठा, हे मी नाकारत नाही. माझी उमेदीची वर्षं गिरणीत मागांच्या खडखडाटात गेली. तिथे हळू बोलणाऱ्या माणसाला मुका समजतात.

परबांना एकदा सरळ विचारलं, "तुम्हाला घशाचा काही विकार आहे का हो?"

"पाखरांसाठी, सावंत," ते म्हणाले. "रानात गप्प राहायचं तर घरापासून सवय हवी. जीभ एकदा मोकाट सुटली की तिथेही सुटते."

तर परबांना पाखरांचं वेड होतं. रविवार उजाडला की गळ्यात डबा कॅमेरा, हातात काळी छत्री, खिशात चणे, आणि मुलुंडच्या मागचा डोंगर. कधी मन झालं तर उलट्या बाजूला मिठागरांकडे. माझ्या पोटाचा घेर बघून डॉक्टरने मला सकाळी चालायला सांगितलं, आणि माझं नशीब फुटकं, हे आमच्या हिने गॅलरीत उभं राहून परबांना सांगितलं. पुढच्या रविवारी झुंजुमुंजू होताच दारावर नखाने खरवडल्यासारखा आवाज. परब दारसुद्धा हळूच वाजवायचे. रविवारची झोप म्हणजे माझा एकुलता एक शौक होता, तो असा गेला.

रानात गेलं की त्यांचं एकच वाक्य. हाताचा पंजा मागे करून मला थांबवायचं आणि म्हणायचं, "हळू. बसलंय." मग मी एक पाय अधांतरी ठेवून उभा. काय बसलंय, कुठे बसलंय, हे मला कधी दिसलं असेल तर शपथ. दिसेपर्यंत ते उडालेलं असायचं. हे वाक्य त्यांच्या अंगात इतकं मुरलं होतं की साहेब खुर्चीत आहे का असं स्टोअरमध्ये कुणी विचारलं, तरी उत्तर तेच यायचं.

छत्रीला त्यांनी मधोमध भोक पाडलं होतं. झुडपाशी बसायचं, उघडी छत्री ढालीसारखी पुढे धरायची आणि भोकातून कॅमेऱ्याचा डोळा बाहेर काढायचा. पाखरांनी यावर विश्वास ठेवला की नाही कोण जाणे, माणसांनी मात्र ठेवला नाही. दारूबंदीची ती वर्षं. डोंगराच्या कुशीत हातभट्ट्या लागायच्या. भट्टीवाल्यांना वाटायचं हा पोलिसांचा माणूस, आणि पोलिसांना वाटायचं हा भट्टीवाल्यांचा राखणदार. एकदा एका हवालदाराने आम्हाला छत्रीसकट उभं केलं.

"इथे काय करता?"

"सुतार पक्षी," परब कुजबुजले.

"मग कुजबुजता कशाला? कोण आहे आणखी झाडीत?"

शेवटी मी माझ्या गिरणीच्या आवाजात सगळी हकीगत सांगितली. हवालदार हसून गेला. मला वाटलं, परब आता माझे उपकार मानतील. ते रिकाम्या झाडाकडे बघत म्हणाले, "सुटलो रे, पण तो उडाला."

त्यांचे फोटो हा आणखी एक प्रकार. डबा कॅमेऱ्यातून लांबचं पाखरू केवढं येणार? परब फोटो घेऊन यायचे, आम्ही दिव्याखाली धरायचो, त्यात एक झाड आणि झाडावर एक ठिपका. "हा तांबट," परब म्हणायचे. दुसऱ्या फोटोत दुसरं झाड, तसाच ठिपका. "हा कोतवाल." काही फोटोंत तर ठिपकाही नसायचा. "आत्ताच उडाला," असं ते इतक्या हळहळीने सांगायचे की पाहणाऱ्याला पुढे काही विचारवत नसे. पण त्यांचा जीव अडकला होता तो पावशात. तो काही ठिपक्यापुरताही हाती लागत नव्हता. उन्हाळा तापला की पावशा डोंगरभर ओरडत सुटतो, "पेर्ते व्हा, पेर्ते व्हा," पण पानांत असा दडतो की दिसायचं नाव नाही. परब त्याच्या मागे किती उन्हाळे होते कोण जाणे.

त्यांच्या घरची एक गोष्ट सांगायला हवी. परबवहिनींना ऐकू येत नव्हतं. लग्नानंतर थोड्याच दिवसांत मुदतीच्या तापात कान गेले. त्यामुळे सगळी चाळ वहिनींशी ओरडून बोलायची, आणि त्यात माझा पहिला नंबर. फक्त नवरा कुजबुजायचा. या दोघांचं भांडण होतं तरी कसं, हा नळावरच्या बायकांचा आवडता विषय होता. आमच्या हिचं म्हणणं, होतच नसेल, म्हणून तर सुखात आहेत. हे म्हणताना ती माझ्याकडे बघायची.

आणि एका मे महिन्यात तो पावशा सापडला. डोंगराच्या पायथ्याशी एक आंबा होता. आम्ही त्याच्यासमोर छत्रीआड बसलो होतो, उन्हं चांगली वर आली होती, माझ्या पायाला मुंग्या. इतक्यात एक राखाडी पाखरू समोरच्या बुटक्या फांदीवर येऊन बसलं. उघड्यावर, दहा-बारा पावलांवर म्हणा ना. आणि त्याने शेपूट हलवून गळा काढला, "पेर्ते व्हा." मी पहिल्यांदा पावशा डोळ्यांनी पाहिला. नेमकी त्याच वेळी मला शिंक आली. देवाशपथ सांगतो, ती शिंक मी गिळली. डोळ्यांतून घळाघळा पाणी, कानांत दडे, पण आवाज केला नाही. परबांनी खटका दाबला. पाखरू उडालं. मग मी जी शिंकलो, तिने भट्टीवालेसुद्धा पळाले असतील.

परबांनी माझे दोन्ही हात धरले.

स्टेशनाजवळ केणी फोटोवाल्यांचा स्टुडिओ होता. मुलींचे दाखवायचे फोटो काढावेत तर केणींनी. देवीचे वण, तीळ, चामखीळ, केणींच्या बारीक पेन्सिलीपुढे काही टिकत नसे. त्यांच्या फोटोवरून ठरलेली लग्नं मुलगी बघितल्यावर मोडायची, असं लोक म्हणत. परबांचे रोल ते नेहमी धुऊन द्यायचे, छापून द्यायचे, वर कीव आल्यासारखे बघायचे. या खेपेला परब त्यांना म्हणाले, "हा एक मोठा करून द्या. आणि अगदी स्वच्छ. घाई नाही."

शनिवारी कारखाना सुटल्यावर आम्ही दोघं फोटो आणायला गेलो. केणींनी पाकिटातून तो मोठा फोटो काढला आणि दोन्ही हातांनी आमच्यापुढे धरला. आंबा होता. पानन्‌पान होतं. बुटकी फांदी होती. फांदीवर काही नव्हतं.

"पाखरू कुठे आहे?" मी विचारलं.

"कसलं पाखरू?" केणी म्हणाले. "फांदीवर एक डाग आला होता, चांगला जाडजूड. बसून निगेटिव्हवरूनच काढून टाकला. पुन्हा दिसायचा नाही." मग आवाज उतरवून म्हणाले, "परबसाहेब, रागवू नका, पण तुमचा कॅमेरा बाद झालाय. तुमच्या प्रत्येक फोटोत कुठे ना कुठे डाग असतो. इतकी वर्षं बोललो नाही, तुम्हाला वाईट वाटेल म्हणून."

माझा जो आवाज चढला तो थेट फलाटापर्यंत गेला असणार. पण परबांनी पंजा मागे करून मला थांबवलं. फोटो पाकिटात घातला, केणींना म्हणाले, "काम छान झालंय. मेहनत दिसते." आणि बाहेर येऊन स्टुडिओच्या पायरीवर बसले. उठेचनात.

"पुन्हा येईल तो," मी म्हटलं. "त्याच आंब्यावर येईल. हवं तर मी नाकाला चिमटा लावून बसतो."

"तोपर्यंत ती विसरेल रे," परब म्हणाले.

"कोण विसरेल?"

मग त्यांनी सांगितलं. वहिनी कुडाळकडच्या, घरामागे दाट परडं, जंगलच म्हणा. लहानपणापासून त्यांना पाखरांचे आवाज पाठ. कान गेल्यावर पहिली काही वर्षं ते आवाज डोक्यात शाबूत होते, त्यांची त्यांना सोबत व्हायची. मग एकेक पुसट होऊ लागला. एक दिवस त्या रडत म्हणाल्या, तांबट कसा ओरडतो तेच आठवेना झालंय. परबांना तर गाता येईना, नक्कल करता येईना, आणि केली तरी ऐकणार कोण. तेव्हा त्यांनी कॅमेरा पैदा केला. माणसाचा चेहरा बघितला की त्याचा आवाज आठवतो ना, तसं पाखरांचं होईल, असा त्यांचा हिशेब.

"ठिपके बघून कधी आठवायचं, कधी नाही," ते म्हणाले. "पावशा तिचा लाडका. तो शेवटचा उरलाय म्हणते, आणि तोही हल्ली अर्धाच आठवतो. म्हणून तो चांगला मोठा हवा होता." मग म्हणाले, "तू येशील घरी? मला एकट्याला दाखवायचा धीर नाही."

इतकी वर्षं शेजारी राहून मी त्यांच्या खोलीत बसलो असा कधी नव्हतो. उंबऱ्यावरून ओरडायचो आणि जायचो. वहिनींनी पाट दिला, चहा टाकला. परब त्यांच्यासमोर उजेडाकडे तोंड करून बसले आणि बोलू लागले. नुसते ओठ हलत होते, आवाज नावालाही नव्हता. एकेक शब्द सावकाश, नीट, वेडंवाकडं तोंड न करता. आणि वहिनींना सगळं कळत होतं. त्या मध्येच हसत होत्या, मध्येच "अगो बाई" म्हणत होत्या. माझ्या शिंकेपाशी आले तेव्हा तर पदर तोंडाला लावून हसल्या. पाखरांसाठी म्हणे सवय.

केणींची गोष्ट आली तेव्हा त्या माझ्याकडे वळल्या. मी पाटावर मांडी घालून बसलो होतो, आल्यापासून एकदाही ओरडलो नव्हतो. वहिनी म्हणाल्या, "आज भावोजी रागावलेले नाहीत वाटतं." मला आधी कळलंच नाही. मग कळलं. आम्ही सगळे जीव तोडून ओरडायचो, आणि त्यांना दिसायचे ते फक्त आमचे चिडके चेहरे.

परबांनी फोटो त्यांच्या हातात दिला आणि स्वतः जमिनीकडे बघत राहिले.

वहिनींनी फोटो खिडकीशी नेला. बराच वेळ बघत होत्या. मग बोट ठेवलं, बरोबर त्या बुटक्या फांदीवर. "इथे होता?"

परबांनी मान डोलावली.

"आमच्या परड्यात तो असाच," वहिनी म्हणाल्या. "मी आयुष्यात कधी बघितलाच नाही त्याला. आवाज आला की धावत जायचं, मान वर करून बघायचं, तर नुसती पानं आणि रिकामी फांदी. अगदी अश्शी. आणि मग पुन्हा तिथूनच…"

त्या थांबल्या. फोटोवरचं बोट तसंच होतं. ओठ जरासे हलले, आणि त्या पावशासारख्या ओरडल्या. पहिलं "पेर्ते व्हा" दबकत, चाचपडत. दुसरं त्याच्यावर एक पायरी. तिसरं आणखी वर. एरवी वहिनींच्या आवाजाला ताल नसायचा, स्वतःचा आवाज ऐकूच येत नाही तर तोल सांभाळणार कसा. पण हा आवाज एकेक पायरी नीट धरून चढत गेला, पार टिपेला पोचला आणि पावशा थांबतो तसा एकदम थांबला. गेल्या रविवारीच ऐकलेला आवाज मी विसरणार कुठे? तोच होता.

"असाच ना?" त्यांनी विचारलं.

परबांनी मान वर केली. "असाच," ते म्हणाले. मोठ्याने म्हणाले. मी त्यांचा आवाज तेव्हा पहिल्यांदा ऐकला, जाड, थोडा गंजलेला. "अगदी असाच गो."

वहिनी त्यांच्या ओठांकडे बघत होत्या. मग त्यांनी पुन्हा सुरुवात केली.

मी चहा तसाच ठेवून उठलो. बाहेर गॅलरीत निम्मी चाळ जमली होती, पोरं कठड्यावर चढली होती. "काय झालं हो परबांकडे?" नळावरून आलेल्या बायकांनी विचारलं, "कोण ओरडतंय?" मी पंजा पुढे करून त्यांना तिथेच थांबवलं.

"हळू," मी म्हटलं. "बसलंय." आणि परबांचं दार आवाज न करता ओढून घेतलं.