श्यामकांतची गुप्त खिट्टी

कुलूप निघालं होतं, किल्ली हातात होती, आणि तरीही आडवी फळी जागची हलायला तयार नव्हती. श्यामकांतने सकाळी सातपासून तिच्यावर सगळे उपाय करून पाहिले. ओढली, ढकलली, खोबरेल तेल चोळलं. शेवटी भिंतीला पाय लावून अशी काही खेचली की फळी तिथेच राहिली आणि श्यामकांत खोलीच्या दुसऱ्या टोकाला पोचला. फळीमागे नेमबाजी मंडळाच्या नऊ दुनळी बंदुका ओळीने उभ्या होत्या. अकरा वाजता फौजदार तपासणीला यायचे होते.

मुलुंडला डोंगराच्या पायथ्याशी हे मंडळ. इतकी वर्षं बंदुका दाराआड छत्र्यांसारख्या टेकवून ठेवलेल्या असत. मग पोलिसांचं पत्र आलं, की भिंतीत पक्का बसवलेला रॅक करा, त्याला आडवी फळी आणि कुलूप लावा, नाहीतर परवाना रद्द. मंडळाचे सेक्रेटरी जयवंत वकील यांनी ते पत्र श्यामकांतच्या, म्हणजे मंडळाच्या एकुलत्या एक नोकराच्या, हाती दिलं आणि सांगितलं की रॅक पास झाला नाही तर दुसरीकडे नोकरी बघ. नोकरी गेली की मागच्या दोन खोल्याही जाणार, आणि मग परत घाटकोपरला मेहुण्याची गॅलरी. तिथे दोन वर्षं काढून झाली होती. मेहुणा देवमाणूस, पण रोज सकाळी दात घासता घासता "मग, काही जमतंय का?" असं विचारायचा. क्षमाने नवऱ्याला आधीच बजावलं होतं, भाऊ माझा असला तरी वहिनीच्या हाताखाली मी पुन्हा जायची नाही, तुम्ही एकटे जा.

रॅक केला होता कांजूरच्या धाकू सुताराने. आषाढात बसवला, बंदुका आत ठेवल्या, फळी सरकवली. पावसात नेमबाजी बंदच, त्यामुळे दोन महिने कुणी कुलपाला हात लावला नाही. आणि आता धाकू गणपतीला मालवणकडे, आपल्या गावी.

फौजदार मार्तंडराव बरोबर अकराला आले, दोन हवालदार घेऊन. हे गृहस्थ दारूबंदीच्या कामावरून नुकतेच इकडे आलेले. त्यांनी मृदंगातून बाटल्या काढल्या होत्या, बाजाच्या भात्यातून काढल्या होत्या, आणि सांताक्रूझच्या एका लग्नात तर प्रत्यक्ष नवरदेवाच्या फेट्यातून पाइंट काढून मग अक्षता टाकल्या होत्या. लपवलेली वस्तू आपल्याला वासावरून कळते, असं ते स्वतःच सांगत.

"उघड," ते म्हणाले. "नंबर ताडून बघू."

फळी अडकली आहे असं म्हणावं तर रॅक नापास. श्यामकांतच्या डोळ्यांसमोर गॅलरी आली, दात घासणारा मेहुणा आला, आणि जीभ आपली आपणच वळली.

"साहेब, नुसत्या कुलपावर नाही उघडत हा. आत गुप्त खिट्टी आहे."

हे ऐकल्यावर मार्तंडराव नुसते नंबर बघून जातात होय? त्यांनी टोपी काढून हवालदाराच्या हाती दिली. रॅक वरपासून खालपर्यंत बोटाने ठोकला, कान लावला, हुंगला. पाऊण तास झाला, खिट्टी सापडेना. मग दोन्ही हवालदार फळीला लावले. त्यातला लवू हवालदार आखाड्यातला गडी. त्याने दम धरून जोर लावला, तशी त्याच्या सदऱ्याची तीन बटणं उडाली, एक फौजदारांच्या कपाळाला लागलं. फळी होती तिथेच.

शेवटी क्षमाचा कुंकू लावायचा आरसा मागवला. फौजदार जमिनीवर आडवे झाले, बॅटरी खालून मारली आणि बंदुकांचे नंबर आरशात उलटे वाचून परवान्याशी सुलटे जुळवले. नऊच्या नऊ जुळले. कपडे झटकत ते उठले.

"आता सांग. कुठाय खिट्टी?"

"नाही सांगता येत, साहेब."

"मला? फौजदाराला?"

"उद्या तुमची बदली झाली, तर गुपित तुमच्याबरोबर गावभर फिरणार. मग बंदुका कुणाच्या भरवशावर ठेवायच्या?"

लवू हवालदार छताकडे बघू लागला. क्षमा दाराआड पदराचं टोक चावत उभी. मार्तंडरावांनी श्यामकांतला खालून वर न्याहाळलं आणि म्हणाले, "असा एक जरी माणूस आमच्या चौकीत असता ना, तर मी सुखाने जेवलो असतो." आणि त्यांनी शेरा लिहिला, की इतका सुरक्षित रॅक आपल्या पाहण्यात नाही. जाताना चौकीसाठी अगदी असाच एक करून द्यायला त्या सुताराला पाठव, असंही सांगून गेले. ते फाटकाबाहेर पडले तेव्हा श्यामकांत तिथेच जमिनीवर बसला, आणि क्षमाने न विचारता त्याच्या चहात दोन चमचे साखर जास्त घातली.

पंधरा दिवसांनी धाकू परतला. त्याने श्यामकांतकडून सगळी हकीकत ऐकली, फळीवरून हात फिरवला आणि हसला.

"खिट्टी? खयची खिट्टी? मी काय एक घालूक नाय. लाकूड ओला होता, पावसात फुगला. बाळंतिणीक देतत तसो शेक देवक व्हयो."

काडतुसं वकिलांच्या घरी कपाटात असत, त्यामुळे विस्तवाची भीती नव्हती. रॅकजवळ शेगडी ठेवली. दोन तास शेक घेतल्यावर फळी अशी अलगद सरकली, जणू ती कधी अडलीच नव्हती. पण श्यामकांतला चौकीची ऑर्डर आठवली. चौकीच्या रॅकमध्ये मार्तंडराव खिट्टी शोधणार, तिथे ती नसणार, आणि मग इथली थाप उघडी पडणार.

"तसलाच ओला लाकूड असा माझ्याकडे," धाकू शांतपणे म्हणाला. "तुमी कित्याक भिताव?"

रॅक चौकीत बसला. हस्ताचा पाऊस त्या वर्षी असा पडला की मुलुंडला मीठसुद्धा चमच्याने नाही, वाटीने ओतून घ्यावं लागे. आणि एका दुपारी मार्तंडराव एकटेच, साध्या कपड्यांत, मागच्या दाराने श्यामकांतकडे आले. त्यांना पाहून श्यामकांतने नोकरी गेली असंच धरलं. फौजदार मात्र हात जोडूनच आत आले.

"चार दिवस झाले, फळी हलत नाही. सगळ्या रायफली आत, आणि उद्या वरचे साहेब तपासणीला. गुपित सांगू नकोस बाबा, तुझा नियम मला मान्य आहे. फक्त उघडून दे."

श्यामकांतने बराच वेळ विचार केल्यासारखं केलं.

"दोन तास त्या खोलीत कुणी यायचं नाही," तो म्हणाला. "कितीही धूर दिसला तरी."

मग त्याने आत बघून क्षमाला हाक मारली आणि कोळसे जरा सुके बघून दे म्हणून सांगितलं.