तीन डिस्कचं एकत्र कुटुंब

आमच्या तारनाक्याच्या अख्ख्या अपार्टमेंटमध्ये मशीनला हात लावायची अक्कल असलेली एकच बाई आहे, आणि ती म्हणजे मी, गीता! हा गुण मला बाबांकडून आलाय. बाबा रेल्वेच्या वर्कशॉपात फिटर होते. मशीनचा नुसता आवाज ऐकून रोग सांगायचे. मी तर आवाजसुद्धा ऐकत बसत नाही, सरळ स्क्रू ड्रायव्हर घेते आणि उघडते!

तर झालं असं, की रविवारी आमच्या आईला ऐंशी वर्षं पूर्ण होणार होती. मी विचारलं, "आई, तुला काय पाहिजे सांग. साडी घेऊ?"

"साडी कशाला? तुझ्या बाबांच्या रिटायरमेंटची ती फिल्लम दाखव. भाषणात ते एकदा हसले होते बघ. कशावरून ते आठवत नाही, पण हसले होते. तेवढं ऐकव मला."

आता बाबांचं हसू म्हणजे काय चीज होती ते तुम्हाला ठाऊक नाही. त्यांचा एकही फोटो हसरा नाही! लग्नाच्या फोटोतसुद्धा फोटोवाल्यानं बोल्ट ढिला ठेवलाय अशा नजरेनं बघतायत. त्यांना जाऊन अकरा वर्षं झाली. ते हसू मलाही आठवेना, कारण त्या कार्यक्रमात मी माईकच्या वायरींमागं होते.

फिल्लम माझ्या जुन्या लॅपटॉपमध्ये होती, बारा तुकड्यांत. मूळ सीडी कधीच ओरखडून गेलेली. "पेन ड्राइव्हवर घाल आणि टीव्हीला लाव, दोन मिनिटांचं काम," आमचे हे म्हणाले. देवराव बँकेत आहेत, त्यांना सगळं दोन मिनिटांत संपवायची घाई!

"अहो, दोन मिनिटांत करायला मी काय तुम्ही आहे का?"

मी घरचा सर्व्हर बांधायचं ठरवलं! एक जुना कॉम्प्युटर घेतला, त्यात माझी डिस्क, आमचा आदर्श कॅनडाला जाताना ठेवून गेला ती डिस्क, आणि शहरातल्याच गौलीगुड्याहून माझा धाकटा भाऊ विकी त्याची घेऊन आला. तिन्ही जोडून पूल केला. म्हणजे डिस्क तीन, पण टीव्हीला दिसणार एकच मोठी. तीन डिस्कचं एकत्र कुटुंब म्हणा ना! तीन व्हिडिओ बघून, आठ कप चहा पिऊन, पहिल्या झटक्यात चालू झालं! मी खुर्चीवरून उडीच मारली.

"आता एखादी डिस्क गेली तरी काही बिघडत नाही!" मी जाहीर केलं.

"अक्का, पक्का?" विकी म्हणाला.

"पक्का म्हणजे काय, एकदम पक्का!"

त्याच जोशात मी बाबांचे बारा तुकडे पुलात हलवले आणि लॅपटॉप पुसून साफ केला. आता त्यात ठेवायचं काय कारण?

शनिवारी सकाळी रंगीत तालीम. विकीला मुद्दाम बोलावलं. आई आत शेंगा सोलत होती. टीव्हीवर तिन्ही डिस्कचे फोटो तारखेप्रमाणे एकामागून एक येऊ लागले. वा! आदर्शचा पहिला वाढदिवस आला, विकीचं लग्न आलं, आदर्शला निरोप द्यायला घरी जेवण ठेवलं तो दिवस आला. आणि त्याच तारखेला पुढचा फोटो: विकी, नागार्जुन सागरच्या काठावर, गॉगल लावून, हातात तळलेला मासा!

"विकी," मी म्हटलं, "त्या दिवशी तुला डेंग्यू होता ना रे?"

विकीनं घसा खाकरला. "अक्का, ते... बरा होऊ लागलो होतो."

"मासा खाऊन? माझा लेक परदेशी चालला आणि मामा तिकडं मासा खाऊ लागलाय!"

तेवढ्यात पुढचा फोटो आला आणि मी रिमोट शोधू लागले. आमच्या घरभरणीला विकीनं दिलेला डिनर सेट! मी तो जुन्या वस्तू विकायच्या ॲपवर टाकला होता, कुणी नेलाच नाही, त्या जाहिरातीचा हा फोटो. खाली माझ्याच हातानं लिहिलेलं: 'एकदाही वापरला नाही. आवडत नाही. लवकर न्यावा.'

"लवकर न्यावा?" विकी उभा राहिला. "बेगम बाजार पालथा घालून आणला होता तो मी! आता माझी डिस्कच लवकर नेतो."

"ने की! मला काय फरक पडतो? एक डिस्क गेली तरी काही बिघडत नाही!"

त्यानं डिस्क काढली, पिशवीत टाकली आणि स्कूटर फुर्रर करून गेला. मी ऐटीत बाबांची फिल्लम लावली. पहिला तुकडा लागला. दुसरा गायब! तिसऱ्यात हार, चौथ्यात बाबा माईकपुढं उभे राहिले. "लोक मला विचारतात, आता घरी बसून काय करणार? तर..." आणि संपलं! पाचवा नाही. सहाव्यात सगळे टाळ्या वाजवतायत, पण आवाजच नाही. मला वाटलं, टीव्ही पण गेला.

मी आदर्शला फोन लावला. तिकडं त्याला झोपेतून उठवलं.

"आई, सांगितलेलं तुला! हा पूल आहे, बॅकअप नाही. तो फक्त जागा एकत्र करतो. एक फाइल एकाच डिस्कवर राहते."

"म्हणजे?"

"म्हणजे मामाच्या डिस्कवर जे पडलं ते मामासोबत गेलं. तिला फॉरमॅट करू नको म्हणावं, बस."

आतून आई म्हणाली, "लागलं का ग गीते? हसले का ते?"

"लागतंय आई, लागतंय!" बाबांचं एकुलतं एक हसू मी पिशवीत घालून गौलीगुड्याला पाठवलं होतं, आणि तेही भांडून!

"विकीला सॉरी म्हण," देवराव म्हणाले.

"मी? धाकट्याला?" म्हटलं आणि फोन लावला. उचलेना. मग त्याच्या बायकोला, रेणुकाला लावला.

"अक्का, ते खाली आहेत. अपार्टमेंटच्या कॅमेऱ्यांना डिस्क लागते म्हणून आपली देऊन टाकली. तो माणूस आता पुसून बसवणार आहे. हे म्हणाले, बरंच झालं, मासा पण पुसला जाईल!"

मी चपला उलट्यासुलट्या घालून ऑटोत बसले. वाटेत कोठीच्या चौकात ट्रॅफिक असा, की उतरून ऑटो ढकलावा वाटलं. गौलीगुड्याला पोचले तर जिन्याखाली काळोख, मोबाइलच्या उजेडात सीसीटीव्हीवाला कॅमेऱ्यांच्या डब्यापुढं बसलेला आणि शेजारी विकी हाताची घडी घालून.

"फॉरमॅट केलं का?" मी ओरडले.

"बटन दबानेकोच था आपा," तो म्हणाला, "इत्ते में करंट चले गया!"

तारनाक्याला करंट गेला की मी कितीदा शिव्या घालते! त्या क्षणी त्या करंटच्या पाया पडावंसं वाटलं.

"विकी, डिस्क दे!"

"आधी सॉरी म्हण."

"सॉरी! सॉरी! डिनर सेट लै छान आहे! विकी, त्यात बाबा आहेत रे! त्यांचं हसू तुझ्या डिस्कवर आहे, दुसरीकडं कुठंच नाही!"

विकीचा चेहरा पडला. आणि नेमका करंट आला! डबा पी-पी करू लागला, सीसीटीव्हीवाल्यानं सवयीनं बोट पुढं केलं, आणि आमच्या विकीनं, पन्नाशीच्या माणसानं, अशी झेप घेतली की प्लग, वायर आणि वॉचमनची खुर्ची सगळं एकदम हातात आलं! मग तो तिथंच जिन्यावर बसला, डिस्क पोटाशी धरून. मी त्याच्या शेजारी बसले. दोघांनाही रडू आलं. "कॅमेरे का क्या करना?" सीसीटीव्हीवाला विचारत राहिला.

रविवारी घर भरलं. विहारातली मंडळी आली, जयभीम झाले, खीर झाली. खीर विकीच्या डिनर सेटमध्ये वाढली, बघा! डिस्क जागेवर बसवली, तीही विकीनंच. आई टीव्हीपुढं नवी साडी नेसून बसली. पाचवा तुकडा लागला.

बाबा म्हणाले, "तर ऐका. आमची थोरली गीता. तिनं न उघडलेली एक वस्तू माझ्या घरात दाखवा, मी पेन्शन सोडतो! रेडिओ झाला, इस्त्री झाली, परवा शेजाऱ्यांचा पंखा! इथली नोकरी संपली, पण घरी वीस वर्षं पुरेल एवढं दुरुस्तीचं काम पडलंय!"

आणि बाबा हसले. खांदे गदागदा हलवून, चष्मा काढून हसले! आई तोंडाला पदर लावून त्यांच्याबरोबर हसत होती आणि डोळे पुसत होती. "हेच! हेच ते!"

तेवढ्यात टीव्हीत उजवीकडून एक सत्तावीस वर्षांची बाई घुसली. हातात स्क्रू ड्रायव्हर. "बाबा, माईक खरखरतोय, थांबा, मी बघते!"

खट्! आवाज बंद. पुढचे सातही तुकडे मुके. टीव्ही बिचारा बरा होता.

"पुन्हा लाव," आई म्हणाली. मी रिमोट घ्यायला हात पुढं केला, तर अख्खं घर ओरडलं, "अक्का, नको!"

विकीनं तो तुकडा एका साध्या पेन ड्राइव्हवर घालून आईला दिला. दोन मिनिटं लागली. देवराव घड्याळ बघत होते! आईनं तो कपाटात कुलूप घालून ठेवलाय. काल मी तिला म्हटलं, "आई, कुलूप जरा अडकतंय ग, उघडून बघू का?"

तेव्हापासून माझा स्क्रू ड्रायव्हर सापडत नाहीये, आणि घरात कुणालाच तो दिसलेला नाही म्हणे!